वैतरणेच्या खोऱ्यातले सांधे

मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ वैतरणा नदीवर १०२.४ मीटर उंच आणि ५६५ मीटर लांब अशी एक काँक्रीटची भिंत उभी आहे. मुंबई महानगरपालिकेने बांधलेले हे मध्य वैतरणा धरण. २०१४ पासून मुंबईच्या पाणीपुरवठ्यात त्याने दिवसाला ४५५ दशलक्ष लिटरची भर घातली. लांबून पाहिले तर भिंत एकसंध वाटते. पण एवढ्या लांबीचे काँक्रीट एकसंध राहू शकत नाही. ते तापते, निवते, आकसते, आणि त्याला जागा दिली नाही तर स्वतःच तडकून जागा करून घेते. म्हणून अशा भिंतीला बांधतानाच ठरावीक अंतरावर उभे छेद द्यावे लागतात. धरणाला मुद्दाम फट ठेवायची आणि त्या फटीतून पाणी जाऊ द्यायचे नाही, अशी दुहेरी जबाबदारी बांधणाऱ्यावर येते. जव्हार-मोखाड्याच्या परिसरात या जबाबदारीचा इतिहास धरणांपेक्षा खूप जुना आहे.

इथला पाऊस साधा नव्हे. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाणी जेमतेम चार महिन्यांत पडते आणि वाऱ्याबरोबर तिरपे येते. वांगणी, खोडाळा, सूर्यमाळ या बाजूच्या वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या जी घरे बांधली गेली, ती या तिरप्या पावसाचा विचार करून. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर लाकडी मेढींवर तोललेले गवताचे किंवा पेंढ्याचे छप्पर. कुडाला तडे जातात, दरवर्षी जातात, आणि दरवर्षी ते लिंपले जातात. छप्पर मात्र भिंतीच्या बरेच पुढे आलेले असते, कारण माती पावसापुढे टिकणार नाही हे बांधणाऱ्याला पुरते ठाऊक असते. झडीच्या बाजूला गवताचा किंवा पानांचा आडोसा बांधतात. मृग लागण्याआधी घर शाकारणे हे इथले वार्षिक काम. गवताची एक काडीसुद्धा स्वतः पाणी अडवत नाही. हजारो काड्या उतारावर एकमेकींवर पडलेल्या असतात, आणि पाणी एकीवरून दुसरीवर घसरत वळचणीशी पागोळ्यांतून खाली येते.

या छपराला एकही बंद सांधा नाही. सगळेच सांधे उघडे आहेत. पण प्रत्येक सांध्यावर दुसरे काहीतरी पांघरलेले आहे. वाऱ्याने छप्पर हलले, लाकूड उन्हाने वाकले, मेढ थोडी खचली, तरी वरची काडी खालच्या काडीवरून सरकते आणि तरीही तिला झाकून ठेवते. फट भरून टाकण्यापेक्षा फटीवर आच्छादन ठेवणे, ही पाणी अडवण्याची सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची रीत आहे.

गवतानंतर कौले आली. नळीची कौले गावकुसात भाजली जात, पण वाऱ्याने, माकडांनी ती सरकत आणि दर उन्हाळ्यात चाळावी लागत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना सुरू केला आणि त्यानंतरच्या काही दशकांत मंगळुरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. त्यांचा मूळ नमुना युरोपातला. फ्रान्सच्या आल्सास भागातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले होते. या कौलाच्या एका कडेला खाच असते आणि दुसऱ्या कडेला उंचवटा. शेजारच्या कौलाचा उंचवटा खाचेत बसतो, पण चिकटत नाही. जे थोडे पाणी सांध्यात शिरते ते खाचेच्या पन्हळीतून खालच्या कौलावर येऊन पडते. पाणी शिरणार हे गृहीत धरून त्याची वाट आधीच काढून ठेवणे, हा या कौलाचा खरा शोध होता. पुढे शंभर वर्षांनी धरणाच्या सांध्यात इंजिनिअरांनी हेच तत्त्व वापरले.

दगड आणि चुन्याच्या बांधकामाची रीत वेगळी. जव्हारच्या मुकणे राजघराण्याच्या जयविलास राजवाड्यापासून सह्याद्रीतल्या किल्ल्यांपर्यंत सगळीकडे पाण्याशी लढाई दरजांवर होते. दगड पाणी सोडत नाही, सोडते ती दगडांमधली दरज. चांगला गवंडी चुना घाणीत बैल फिरवून मळून घेई, महिनोन् महिने मुरवून ठेवी. पाण्याशी संबंध येणाऱ्या कामाला त्यात विटेची पूड म्हणजे सुरखी घाली, आणि जागोजागच्या रिवाजाप्रमाणे गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर असे जिन्नसही मिसळी. सुरखीमुळे चुन्याला ओल्यात घट्ट होण्याचा गुण येतो. सिमेंटच्या मानाने हा माल हळू घट्ट होतो आणि मऊ राहतो. त्याचा फायदा असा की भिंत थोडी खचली, उन्हाने थोडी फुगली, तर ती हालचाल हजारो दरजांत वाटली जाते. एकाच जागी मोठी भेग पडण्याऐवजी केसाएवढ्या असंख्य भेगा पडतात. त्या भेगांतून पाझरणारे पाणी चुना विरघळवते आणि तोच चुना पुढे साका बनून भेग बुजवतो. जुन्या दगडी धरणांच्या कोरड्या अंगावर जे पांढरे ओघळ दिसतात, ते याच क्रियेचे. मात्र हा हिशेब कायम फायद्यातच राहतो असे नाही. पाझर जास्त झाला तर चुना बुजवण्यापेक्षा वाहून जाण्याचे प्रमाण वाढते आणि भिंत आतून पोकळ होत जाते.

मुंबईच्या पाण्याचा इतिहास या दरजांचाच इतिहास आहे. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले ते हेन्री कॉनिबेअर याच्या योजनेप्रमाणे, बीडाच्या नळांतून. नळाचे एक तोंड रुंद आणि दुसरे अरुंद. अरुंद तोंड रुंद तोंडात घालून मधल्या पोकळीत तागाची दोरी ठासायची, वर वितळलेले शिसे ओतायचे आणि ते छिन्नीने ठोकून बसवायचे, अशी त्या काळची पद्धत. शिसे मऊ असल्यामुळे नळ उन्हाने लांबला-आखडला तरी सांधा थोडा साथ देत राही, आणि गळू लागला तर शिसे पुन्हा ठोकून बसवता येई. देखभालीची सोय सांध्यातच होती. पुढे जमिनीवरून जाणाऱ्या मोठ्या पोलादी जलवाहिन्या आल्या तेव्हा शिशाचा सांधा पुरेना. त्यासाठी एक नळ दुसऱ्यात सरकेल आणि मध्ये दाबून बसवलेले पॅकिंग पाणी अडवेल, असे खास प्रसरण सांधे बनवले गेले. तानसा आणि वैतरणेच्या वाहिन्यांवर ठरावीक अंतराने दिसणाऱ्या जाड कड्यांचा उद्देश हाच.

तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. शहापूर तालुक्यातली सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीची ही दगडी भिंत त्या काळी जगातल्या मोठ्या बांधकामांत गणली गेली. डब्ल्यू. जे. बी. क्लार्क हे या कामाचे इंजिनिअर. त्याआधी १८७९ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याचे आणि त्यानंतर १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण झाले. ही दगड-चुन्याची परंपरा महाराष्ट्रात फार समर्थ होती. चुना हळू घट्ट होत असल्यामुळे भिंत बांधताना आत उष्णता साठत नसे आणि आकुंचन सावकाश होई. तरीही लांबच लांब भिंतींवर हिवाळ्याचा ताण येतोच. १९६९ मध्ये भंडारदऱ्याच्या भिंतीला भेगा दिसल्या, गळती वाढली, आणि मागच्या बाजूने आधार देऊन ती भिंत बळकट करावी लागली. त्याहून अलीकडचे उदाहरण टेमघरचे. मुठा नदीवरच्या या दगडी धरणातून इतके पाणी झिरपू लागले की २०१६-१७ च्या सुमारास ही गळती सेकंदाला दोन-अडीच हजार लिटरपर्यंत गेल्याच्या बातम्या आल्या. मग भिंतीत सिमेंटचा रस दाबून भरणे आणि पाण्याच्या बाजूला तंतूमिश्रित काँक्रीटचा थर फवारणे, अशी दुरुस्ती हाती घेतली गेली. दोन मोठ्या ठोकळ्यांमधला सांधा बोटाने दाखवता येतो. टेमघरची गळती मात्र दगडादगडांमधल्या दरजांतून होती. काम चालू असताना ज्या दरजा नीट भरल्या जात नाहीत, त्या भरायला नंतर कितीतरी पट खर्च येतो. टेमघरने हे महाराष्ट्राच्या पैशाने सिद्ध केले, आणि बांधकामावर देखरेख करणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवायला हवे.

काँक्रीट आले आणि प्रश्नाचे स्वरूपच बदलले. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडते. पातळ भिंतीतून ती लगेच निघून जाते. धरणासारख्या जाड बांधकामात ती आत कोंडते, आणि पुढे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, निवत जाताना काँक्रीट आकसत राहते. अमेरिकेत १९३१ ते १९३६ दरम्यान हूवर धरण बांधले तेव्हा काँक्रीट एकेका स्वतंत्र खांबासारख्या ठोकळ्यांत ओतले गेले आणि त्यांतून नऊशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या बारीक नळ्या घालून थंड पाणी फिरवण्यात आले. ठोकळे निवून आकसल्यावर मधल्या फटी सिमेंटच्या रसाने भरल्या. त्यानंतर जगभरच्या काँक्रीट धरणांची पद्धत बहुतेक ठरून गेली: भिंत पंधरा-वीस मीटर रुंदीच्या ठोकळ्यांत विभागायची, दोन ठोकळ्यांमध्ये आकुंचन सांधा ठेवायचा, आणि पाण्याच्या बाजूजवळ त्या सांध्याला आडवी जाणारी, पाणी अडवणारी पट्टी पुरायची.

वैतरणेच्या खोऱ्यात ही पद्धत आली ती मोडक सागराच्या रूपाने. मुंबई महापालिकेचे इंजिनिअर नी. वि. मोडक यांचे नाव लाभलेले हे वैतरणा धरण १९५७ साली पूर्ण झाले. हेच मोडक १९४८ मध्ये आल्बर्ट मेयर यांच्याबरोबर बृहन्मुंबईच्या विकासाची रूपरेषा आखणारे. शहर कुठवर वाढेल आणि त्याला पाणी कुठून येईल हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या टेबलावर होते.

त्या काळातल्या सांध्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. पट्टी असे तांब्याची. तिच्या दोन्ही कडा दोन शेजारच्या ठोकळ्यांत पुरलेल्या, आणि मधोमध एक घडी. ठोकळे एकमेकांपासून दूर गेले की घडी उलगडते, जवळ आले की मिटते. तांबे निवडण्याचे कारण ते गंजून झिजत नाही आणि पुनःपुन्हा वाकूनही लवकर तुटत नाही. अनेक धरणांत अशा दोन पट्ट्या एकामागे एक ठेवत आणि दोन्हींच्या मध्ये एक उभी विहीर ठेवून ती डांबराने भरत. डांबर थंडीत कडक होते म्हणून त्यात वाफेच्या नळ्या सोडलेल्या असत. गरज पडली की वाफ सोडून डांबर पातळ करायचे, म्हणजे ते पुन्हा फटीत शिरेल. आणि पट्ट्यांच्या मागे पाणी वाहून नेणारे एक उभे भोक, जे थेट धरणाच्या पोटातल्या गॅलरीत उघडते. पट्टी चुकली तर पाणी त्या भोकातून गॅलरीत येते. तिथे ते मोजले जाते, नोंदवले जाते. भिंतीच्या आरपार जाऊन दाब निर्माण करण्याची संधी त्याला मिळत नाही. मंगळुरी कौलाच्या खाचेने जे केले तेच हे भोक करते. भारतीय मानक ब्युरोने १९८७ साली दगडी आणि काँक्रीट धरणांच्या अशा सांध्यांसाठी ‘आयएस १२२००’ हे स्वतंत्र मानक काढले, तोवर तांब्याच्या जोडीला पीव्हीसीची पट्टी रुळली होती. पीव्हीसी स्वस्त, हलके आणि जास्त ताण सोसणारे. पण तिचे दोन तुकडे जागेवर तापवून जोडावे लागतात, आणि तो जोड कच्चा राहिला तर शंभर मीटरच्या उत्तम पट्टीचा काही उपयोग उरत नाही. काँक्रीट ओतताना पट्टी वाकडी झाली, तिच्या खाली हवा राहिली, तरीही तेच. हे काम महागड्या यंत्रांचे नसून पट्टीजवळ व्हायब्रेटर धरणाऱ्या कामगाराच्या हाताचे आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. १०३ मीटर उंचीचे धरण मात्र टिकले, पण जखमी झाले. भिंतीचा उतार जिथे बदलतो त्या पातळीवर आडव्या भेगा गेल्या, आणि दोन ठोकळ्यांमधल्या उभ्या सांध्यांच्या कडांना काँक्रीटच्या कपच्या निघाल्या. ठोकळे एकमेकांवर आपटले, घासले, याची ती खूण होती. भेगांत इपॉक्सी राळ दाबून भरली गेली, भिंतीत ताणलेल्या पोलादी तारा बसवल्या गेल्या आणि पुढे मागच्या बाजूला काँक्रीटचे आधार उभारले गेले. आकुंचनासाठी ठेवलेला सांधा भूकंपातही हालचालीची जागा ठरतो, ही गोष्ट त्या पहाटेनंतर महाराष्ट्रातल्या कोणत्याही धरण-इंजिनिअरला पुस्तकात वाचावी लागली नाही.

मध्य वैतरणेपर्यंत येताना तंत्र पुन्हा बदलले. अकोले आणि शहापूर तालुक्यांच्या सीमेवरच्या घाटघर प्रकल्पात भारतात पहिल्यांदा रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणे बांधली गेली, आणि मोखाड्याचे मध्य वैतरणा त्याच कुळातले. यात कमी पाण्याचे, जवळजवळ कोरडे काँक्रीट सुमारे फूटभर जाडीच्या थरांत पसरून कंप देणाऱ्या रोलरने दाबतात. सिमेंटचा मोठा वाटा राखेने भरून काढतात, त्यामुळे उष्णता कमी. ठोकळ्यांचे साचे उभारण्याची गरज नाही, म्हणून काम झपाट्याने होते. पण मग सांधा कुठून आणायचा? तो ताज्या थरात कापून आणतात: कंप पावणारे पोलादी पाते थरात घुसवतात आणि त्या छेदात पत्रा किंवा प्लास्टिकचा कागद सोडतात. प्रत्येक थरात त्याच रेषेवर. थर चढत जातात तसा छेदही चढत जातो. पुढे काँक्रीट आकसले की ते त्याच रेषेवर उघडते. पाण्याच्या बाजूला मात्र जुनीच व्यवस्था: पीव्हीसीची पट्टी आणि तिच्या मागे निचऱ्याचे भोक. या पद्धतीत उभ्या सांध्यांबरोबर आडव्या सांध्यांचीही चिंता असते, कारण दोन थरांमध्ये जास्त वेळ गेला तर ते नीट एकजीव होत नाहीत आणि पाण्याला शंभर मीटर उंचीपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी वाटा मिळतात. पावसाळ्यात थर भिजतो, उन्हाळ्यात लवकर सुकतो. मोखाड्याच्या हवेत दोन्ही संकटे एकाच वर्षात येतात.

इतक्या कसोशीने राखलेले हे पाणी मुंबईला जाते. त्याच मोखाडा तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. पाण्याच्या एका थेंबाला वाट न देण्यासाठी एवढी बुद्धी आणि पैसा खर्च करणाऱ्या राज्याला धरणाच्या पायथ्याच्या माणसापर्यंत नळ नेणे अवघड नाही. ते व्हायला हवे.

इमारतींच्या सांध्याचा इतिहास धरणांहून धाकटा आणि जास्त दुर्लक्षित आहे. मुंबईत सलोह काँक्रीटचा मोठा प्रसार १९२० च्या दशकात झाला. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या बीडीडी चाळी याच काळातल्या, आणि १९२७ मध्ये मुंबईतून ‘इंडियन काँक्रीट जर्नल’ निघू लागले. पुढच्या दशकात मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहिल्या. उतरते कौलारू छप्पर मागे पडले आणि सपाट गच्ची आली. शहराच्या राहणीला ती सोयीची होती. पण पाणी घसरून जाण्याऐवजी आता साठू लागले. त्यावर मुंबईच्या कारागिरांनी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालण्याची पद्धत रूढ केली: उतार धरून विटांचे तुकडे बसवायचे, सांधे सिमेंटने भरायचे आणि वर चिनी मातीच्या फुटक्या फरश्यांचे मोझॅक. पावसाला उतार आणि स्लॅबला उन्हापासून सावली, असे दुहेरी काम कोबा करतो. जिथे गच्ची अखंड आहे तिथे तो उत्तम चालतो.

गाडी अडते ती दोन भागांच्या सांध्यावर.

काँक्रीटची एक मीटर लांबी तापमान एका अंशाने बदलले की साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी बदलते. ऐकायला हे नगण्य वाटते. पण ४५ मीटर लांब स्लॅब मेच्या दुपारच्या तापानंतर जूनच्या पहिल्या पावसात ३० अंशांनी निवला, आणि त्याला मोकळे सरकू दिले, तर तो साडेतेरा मिलिमीटर आखडेल. ४५ हा आकडा इथे सहज घेतलेला नाही. ‘आयएस ४५६’ या काँक्रीटच्या मुख्य मानकाची २००० सालची आवृत्ती सांगते की ४५ मीटरपेक्षा लांब बांधकामात साधारणपणे एक किंवा जास्त प्रसरण सांधे असावेत. त्याआधी १९६८ मध्येच इमारतींमधल्या सांध्यांसाठी ‘आयएस ३४१४’ हे मानक आलेले होते. म्हणजे नियम जुना आहे, आणि तो पाळला जातो. शाळा, रुग्णालये, वसतिगृहे यांच्या लांब इमारतींत वीस-पंचवीस मिलिमीटरची फट ठेवली जाते. चूक होते ती फट ठेवल्यानंतर.

सर्वांत सर्रास चूक म्हणजे फटीत सिमेंट भरणे. जून जवळ आला, फट दिसली, गवंड्याने माल कालवून ती लिंपून टाकली. स्लॅब आखडताना सिमेंट ताण सोसत नाही. ते एका कडेला चिकटून राहते आणि दुसऱ्या कडेला सुटते, म्हणजे फट पुन्हा तिथेच. शिवाय उन्हाळ्यात दोन्ही स्लॅब लांबतात तेव्हा मधले कडक सिमेंट त्यांच्या कडा फोडते. कपच्या निघाल्या की सळई उघडी पडते, गंजते, फुगते, आणि मूळ वीस मिलिमीटरचा सांधा हातभर रुंद जखम बनतो.

दुसरा मार्ग रसायनाचा. १९२० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ पॅट्रिक या रसायनशास्त्रज्ञाला वेगळेच द्रव्य बनवताना एक दुर्गंधी, रबरासारखा गोळा मिळाला, आणि त्यातून पॉलिसल्फाइड या कुळाचा उगम झाला. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंधनटाक्या त्याने बंद केल्या गेल्या, आणि युद्धानंतर तो काचेच्या भिंतींच्या उंच इमारतींत शिरला. भारतात ‘आयएस १२११८’ या मानकाने त्याला नियमांत बसवले. हा माल खरोखर चांगला आहे, पण त्याच्या अटी आहेत. तो फटीच्या दोन भिंतींना चिकटला पाहिजे आणि तळाला चिकटता कामा नये, नाहीतर त्याला ताणायला मोकळीक राहत नाही. म्हणून खाली फोमची गोल दोरी घालतात. खोली रुंदीच्या निम्मी असावी. कडा कोरड्या आणि धूळमुक्त हव्यात. सामान्यतः तो रुंदीच्या चौथ्या हिश्शाएवढी हालचाल सोसतो, म्हणजे वीस मिलिमीटरच्या सांध्यात पाच मिलिमीटर. उन्हात उघडा राहिला तर काही वर्षांनी कडक होतो आणि बदलावा लागतो.

यात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे महाराष्ट्रात फारसे कोणी लक्ष देत नाही. आपल्याकडे गळतीची कामे मेमध्ये निघतात. पावसाच्या तोंडावर सगळ्यांना गच्ची आठवते. पण मेमध्ये काँक्रीट सर्वांत जास्त लांबलेले असते, आणि म्हणून फट सर्वांत अरुंद असते. त्या अरुंद फटीत भरलेला माल पहिल्या पावसाने स्लॅब निवताच ताणला जातो, आणि पुढे थंडीत आणखी ताणला जातो. त्याच्या वाट्याला दबणे येतच नाही, फक्त ताणणे येते. हीच दुरुस्ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पाऊस ओसरून कडा सुकल्यावर केली, तर फट मधल्या रुंदीवर असते आणि माल दोन्ही बाजूंना काम करू शकतो. निविदा, मंजुरी, मार्चअखेरचे बिल यांच्या वेळापत्रकात हे महिने सहसा बसत नाहीत. पण काँक्रीट आपल्या वेळापत्रकाने चालत नाही, आणि ग्रामीण भागातली रुग्णालये आणि आश्रमशाळा दर पावसात ओल सोसतात त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

जुन्या मानकांत आणि जाणत्या इंजिनिअरांच्या आराखड्यांत गच्चीवरच्या सांध्याचे एक साधे उत्तर आहे. फटीच्या दोन्ही बाजूंना फूटभर उंचीचे छोटे कठडे उभे करायचे आणि त्यांच्यावर काँक्रीटची टोपी अशी टाकायची की ती एका कठड्याला पक्की बसेल आणि दुसऱ्यावर नुसती टेकेल. आत घडी घातलेली तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी. पाणी गच्चीच्या पातळीवरून फटीपर्यंत चढतच नाही. त्याला खर्च येतो तो बांधताना, आणि तोही थोडा. नंतर वाढवलेल्या इमारतींत मात्र हे कठडे सहसा नसतात. जुनी इमारत आणि नवी जोडइमारत जिथे भेटतात, तिथे दोन वेगळ्या काळांत खचलेले पाये आणि दोन वेगळ्या उंचीचे स्लॅब असतात, आणि त्यांच्यामधली फट बहुतेकदा आराखड्यात दाखवलेलीच नसते. अशा ठिकाणी लोक शेवटी गच्चीवर पत्र्याची शेड घालतात. महाराष्ट्रातल्या छोट्या गावांपासून मुंबईच्या उपनगरांपर्यंत सपाट गच्च्यांवर दिसणाऱ्या या शेड्स अनेकदा गळतीवरचा उपाय असतात, आणि तो चालतो.

पालघर जिल्ह्यात या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, ती पुढे बराच काळ चालली. भूकंपरोधक बांधकामाची भारतीय मानके सांगतात की इमारतीच्या दोन भागांमध्ये इतके अंतर असावे की हादऱ्यात ते एकमेकांवर आपटणार नाहीत. म्हणजे तापमानासाठी ठेवलेली फटच भूकंपातही उपयोगी पडते, फक्त ती खरोखर रिकामी असेल तर. प्रत्यक्षात बांधकाम चालू असताना तिच्यात विटांचे तुकडे, सेंटरिंगच्या फळ्या, सिमेंटचा चुरा पडतो आणि तिथेच राहतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू इथल्या शाळा आणि रुग्णालयांच्या तपासणीत म्हणूनच दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: फट पूर्ण उंचीपर्यंत मोकळी आहे का, आणि तिच्यावरचे पत्र्याचे झाकण एकाच बाजूला स्क्रूने बसवले आहे का. दोन्ही बाजूंना पक्के बसवलेले झाकण पहिल्याच मोठ्या हालचालीत फाटते. फाटलेल्या झाकणातून पुढच्या पावसात पाणी थेट जिन्यात उतरते, आणि अनेक इमारतींत तिथेच विजेचे मीटर बसवलेले असतात.